जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतल्या, सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानाचा अनुभव

आमच्या घरी माळ्यावर नऊ व्हीएचएस कॅसेट पडून होत्या, त्यात ताईचं १९९४ चं लग्न आणि एकीवर गड्ड्याची, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची शूटिंग. लग्नाचं बघायचं म्हणून आई किती वर्षं मागं लागलेली पण घरातला व्हीसीआर कधीच भंगारात गेला आणि नवीन तर मिळतच नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ ला बनवायचं बंद केलं तेव्हाच संपला विषय.

आधी एका ठिकाणी या नऊ सोडून एक कॅसेट दिली होती (नाव लिहीत नाही), त्यांनी फंगस लागलेली टेप तशीच मशीनमध्ये घातली, अर्ध्यात अडकून चुरगळली. मामाच्या गृहप्रवेशाची होती ती. आजोबांचा आवाज फक्त तिच्यातच होता. खूप वाईट वाटलं.

म्हणून या दुकानात घाबरत घाबरतच गेलो. गल्लीत आतल्या बाजूला आहे, जिना चढून वर. काकांनी कॅसेट हातात घेतली, वरचं झाकण उचलून उजेडात बघितली आणि म्हणाले, "पांढरं दिसायलंय बघा, हे आधी पुसावं लागतंय, लगेच लावायचं नाही." नऊपैकी चार तशा निघाल्या. त्यांनी टेप हातानं फिरवून साफ केली, आणि प्रत्येक कॅसेटनंतर मशीनचं हेड (टेप वाचणारा भाग) पुसतात हे मी स्वतः बसून बघितलं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, पेन ड्राइव्हसारखं कॉपी-पेस्ट होत नाही, त्यामुळं दहा दिवस लागले ते मला चालले. कॅसेटमागं २५० घेतले, साफसफाईचे वेगळे ५०.

क्वालिटीबद्दल सांगतो. मूळ चित्र जेवढं आहे तेवढंच येतं, ७२० बाय ५७६, मोठ्या टीव्हीवर थोडं धूसर दिसणारच. एआयनं चेहरे क्लिअर करून देतो म्हणाले, मी एक मिनिटाचं सॅम्पल करून घेतलं, तर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच गायब! डोळे पण दुसऱ्याच कुणाचे वाटायले. मी नको म्हणालो, काकांनी पण आग्रह केला नाही, हे मला फार आवडलं. जसं आहे तसं ठेवा, माझं तरी हेच मत आहे. आडव्या रेघा दिसत होत्या त्या मात्र त्यांनी व्यवस्थित काढल्या.

एक अडचण आली. आमचा टीव्ही जुना, पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्येच वाचतो आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, लग्नाची फाइल ५ च्या वर. परत गेलो तर काकांनी दोन भाग करून दिले, पैसे घेतले नाहीत. तुम्ही देताना टीव्ही कुठला आहे ते आधीच सांगा. डीव्हीडी करून घेऊ नका, फाइलच मागा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून टाकली की ते दाबून अजून खराब करतं.

लग्नाची फाइल यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल अशी) टाकली पुण्याच्या भावासाठी, तर लगेच कॉपीराइट क्लेम. तेव्हाच्या व्हिडिओवाल्यानं मिक्सिंग करताना वरातीवर पिक्चरची गाणी घातली होती ना, ती तिथल्या सिस्टिमनं ओळखली! शेवटी गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली.

गड्ड्याच्या कॅसेटमध्ये मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या सातही उंच काठ्या आल्यात, संमती कट्ट्यावरचा सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा आहे, आणि गर्दीत बाबा मला खांद्यावर घेऊन उभे. आता मिरवणूक घरबसल्या मोबाइलवर लाइव्ह बघतो आम्ही, बघायला सोपं झालंय खरं, पण त्यात आपल्या घरचं माणूस कुठं दिसणार? बाबांनी तेवढा तुकडा चार वेळा मागं घेऊन बघितला.

काकांकडे चालू मशीन दोनच राहिल्यात आणि एकीचे पार्ट मिळेनात म्हणाले. घरात कॅसेट असतील तर दिवाळीची वाट बघू नका, या महिन्यातच नेऊन द्या. दुकान रविवारी बंद असतं. कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नेऊ नका, कापडी पिशवीत न्या.