सोसायटीची नवीन फायर एजन्सी: ५ पैकी ४

ठाण्यात आमची १४ मजली सोसायटी, मी कमिटीवर, त्यामुळे जानेवारी आणि जुलै आला की बी फॉर्मची पळापळ माझ्या गळ्यात. माहीत नसेल तर सांगतो, आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात १५ मीटरपेक्षा उंच रहिवासी बिल्डिंगमधली फायर सिस्टीम चालू स्थितीत आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीकडून लिहून घेऊन (हाच तो बी फॉर्म) वर्षातून दोनदा अग्निशमन दलाकडे द्यावं लागतं, आणि ते बघायचं मालकांनी नि राहणाऱ्यांनी, बिल्डर कधीच हात झटकून गेलेला असतो.

आधीची एजन्सी (नाव घेत नाही) फार स्वस्त. माणूस यायचा, सिलिंडरवर नव्या तारखेचं स्टिकर चिकटवायचा, चहा प्यायचा, फॉर्म देऊन जायचा. पंप चालवताना त्याला कुणी बघितलेलं नाही.

आताच्यांची दोन पोरं आली ती थेट पंप रूममध्ये. बघतात तर पॅनलचा स्विच मॅन्युअलवर! लाईनला कुठेतरी गळती, प्रेशर उतरायचं, जॉकी पंप (लाईनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू व्हायचा, पहिल्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून वॉचमनने तो तसा करून ठेवलेला. म्हणजे रात्री आग लागली असती तर कुणी खाली पळत जाऊन बटण दाबेपर्यंत बोंबच. वरच्या मजल्यावरचा होज बॉक्स (आग विझवायच्या पाइपाची पेटी) उघडला तर पाइपाच्या तोंडाचं पितळी नोझल गायब, गेलं असणार भंगारात. मीटर रूममधला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर तर त्यांनी चक्क वजनकाट्यावर ठेवला, कारण त्याला गेजच नसतं, वजनावरूनच कळतं गॅस किती उरलाय. भरलं कमी. पावडरवाल्याचा काटा हिरव्यात आहे ना एवढंच आपण आजवर बघत होतो.

खरी मजा जिन्यात झाली. चपलांचे रॅक, सायकली, जुनी गादी, इलेक्ट्रिक डक्टमध्ये रद्दीचे गठ्ठे, आणि धूर अडवणारं फायर डोअर हवा यावी म्हणून वीट लावून उघडं ठेवलेलं. एक काकू चिडल्या, "सगळ्यांचंच बाहेर आहे, माझाच रॅक दिसला का?" त्यावर तो पोरगा शांतपणे म्हणाला, "काकू, आग खाली लागली तरी धूर वर येतो, लिफ्ट वापरायची नसते, मग तुम्हाला हाच जिना, तोही अंधारात." ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी बिल्डिंगमध्ये आग पार्किंगमधल्या गाड्या नि तिथे साठवलेल्या कपड्यांना लागली होती आणि माणसं वरच्या मजल्यांवरची पण गेली, हे मी सांगितल्यावर कुठे त्या गप्प बसल्या. रॅक संध्याकाळी आत गेला.

एक स्टार का कापला? पैसे आधीच्यापेक्षा बरेच जास्त, ते ठीक आहे कामाचे आहेत, पण कोटेशनमध्ये नोझल, व्हॉल्व्ह, केबल सगळं "स्पेअर्स" म्हणून एका ओळीत घातलेलं, भांडून वेगवेगळं लिहून घ्यावं लागलं. ऑफिसमध्ये फोन उचलत नाहीत, साइटवरच्या पोरांनाच पकडावं लागतं. आणि रविवारचं मॉक ड्रिल आदल्या रात्री कॅन्सल केलं, ते पुन्हा कधी ते अजून ठरत नाहीये.

तुम्ही कुणालाही लावा, लायसन्सची मुदत आधी बघा, महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या साइटवर एजन्सींची यादी असते, आणि टेस्टच्या वेळी कमिटीतला एकजण पंप रूममध्ये उभा ठेवा, गच्चीवरच्या व्हॉल्व्हला पाणी येताना बघा आणि मगच चेक द्या.

आमचा बी फॉर्म अजून मिळालेला नाही. पंप ऑटोवर आलाय, नोझल आलं, पण नवव्या मजल्यावरच्यांचं कपाट लँडिंगवरून हलत नाहीये आणि एजन्सी म्हणते ते निघाल्याशिवाय सही नाही. फोटोसकट रिपोर्टमध्ये घातलंय, आता एजीएमला (वार्षिक सभेत) विषय घेतोय.