लहान पाखरांचे फोटो: हाइडमध्ये बसून की पायी फिरून?

वटवट्या, शिंपी, शिंजीर यांचे फोटो काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी लेन्सची चौकशी करतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवावी: एका जागी हाइडमध्ये, म्हणजे आडोशात, लपून बसायचं, की फिरून शोधायचं? लेन्स कोणती, हे त्यावरून ठरतं.

मुख्य फरक अंतराचा. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स असेल, तर ५ मीटरवरचा १२ सेंमीचा पक्षी फ्रेमची जवळपास निम्मी रुंदी व्यापतो. तोच १५ मीटरवर असला तर जेमतेम सातवा हिस्सा. मग कितीही क्रॉप करा, पिसांचा पोत हाती लागत नाही. हाइडमध्ये ५ मीटर रोज मिळू शकतात, फिरताना क्वचित.

हाइडसमोर उथळ पाणी असावं. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही. आधी शेजारच्या काटकीवर टेकतं, मान वाकडी करून खाली बघतं, शेपटी उडवतं, मग उतरतं. फोटो त्या काटकीवरचा घ्यायचा, म्हणून फोकस आधीच तिथे लावून ठेवा. मात्र इतक्या जवळून एफ ६.३ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं, त्याचं माप) जेमतेम अडीच सेंमी खोलीच फोकसमध्ये येते. पक्षी आडवा वळेपर्यंत बटण दाबू नका, नाहीतर डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर.

फिरण्याची मजा वेगळी. पानापानांतून किडे टिपत जाणारे मिश्र थवे पाण्याची वाट बघत बसलेल्याला सहसा दिसत नाहीत. पण तिथे ऑटोफोकस पानं पकडतो, म्हणून एकच छोटा फोकस पॉइंट वापरावा. मागे पांढरं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा. शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको; हाइडमध्ये शांत बसलेल्या पक्ष्याला १/२५० सुद्धा पुरतो. तीन किलोची प्राइम (झूम नसलेली) लेन्स हाइडमध्ये ट्रायपॉडवर शोभते, फिरायला दोन किलोची १५०-६०० झूमच बरी.

नवख्याने पहिले काही महिने बसावंच, असं मी आग्रहाने सांगेन. पाखरांच्या सवयी कळल्या की फिरणं आपोआप सुधारतं.

रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावणं दोन्हीकडे नको. प्रतिस्पर्धी आला समजून तो चरणं सोडून धावत येतो. आणि चोचीत अळी धरून पक्षी जवळपासच घुटमळत, ओरडत राहिला, तर तुम्ही घरट्यालगत आहात. तिथून लगेच दूर व्हा, पिल्लं भुकेली असतात.