गोष्टींचं क्रॉस स्टिच किट: पावसाळाभर भरून झाल्यावर

चार प्राणिकथांचं हे क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुलीच्या टाक्यांनी चित्र भरायचं, किट मागवलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता. आता नाशकात थंडी पडलीय आणि शेवटचं चित्र अजून रिंगमध्येच आहे. सामान उत्तम, चार्ट (म्हणजे कुठे कुठला टाका घालायचा ते दाखवणारा चौकटींचा नकाशा) काढणाऱ्याला गोष्टी कितपत कळल्यात, याची मात्र शंका आहे.

कापड 14 काउंटचं आयडा, म्हणजे इंचाला 14 घरं. मॅटीच्या कापडापेक्षा कडक, मोजायला सोपं. 24 नंबरची बोथट सुई, सहा पदरी दोरे. भरायला दोन पदर, कडेच्या बॅकस्टिचला, म्हणजे बाह्यरेषेच्या टाक्याला, एक. गार पाण्यात धुतलं तर लालसुद्धा उतरला नाही.

गोची चेहऱ्यांची आहे. कासव आणि हंसांची गोष्ट घ्या. कासव तोंड उघडतं तिथेच सगळी गंमत, आणि चार्टमध्ये त्या तोंडाला जेमतेम दोन घरं! भाचीने विचारलं, "मावशी, कासव काठी चघळतंय का गं?" मग चार्ट बाजूला ठेवला आणि एका पदराने, घराच्या मधोमध सुई काढत, जबडा नव्याने रेखला. याला टोकदार सुईच लागते. तेवढ्या रेघांनी कासव बोलकं झालं. कुणी म्हणेल, 16 काउंट घ्यायचं. उपयोग नाही. घरं तेवढीच राहतात, फक्त 140 घरांचं चित्र 10 इंचांवरून पावणेनऊवर येतं.

द्राक्षांबद्दल तर नाशिककराने बोलायचं नाही तर कुणी? किटमधला घड एकाच जांभळ्या रंगाचा, सपाट भिंतीसारखा. मेन रोडवरून हिरव्याच्या तीन छटांच्या लड्या आणल्या, प्रत्येक मण्याच्या कोपऱ्यात एक फिकी फुली टाकली, तेव्हा कुठे थॉमसन ही हिरवी जात शोभावी अशी द्राक्षं झाली. कोल्हा मात्र तसाच राहिला, आ वासून वर बघणारा. आंबट म्हणणारा कोल्हा मान फिरवून निघालेला नको का?

तहानलेला कावळा सगळ्यात जमलाय. नुसत्या आकारावरून गोष्ट कळते: वाकलेली मान, मडकं, खडे. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. काळ्यातून पांढरं कापड डोकावतं, म्हणून तिथे तीन पदर घ्या, आणि ढगाळ दुपारी काळा भरायला बसू नका. एक पथ्य सगळ्याच चित्रांना: वरचा टाका कायम एकाच दिशेला. नाहीतर चमक बिघडते.

उरलं माकड-मगर. जांभळाचं झाड सुरेख आलंय, पण खाली नदीचा एकसुरी निळा पट्टा संपता संपत नाही. अर्धी नदी मी कोरीच सोडणार आहे. मगर पाण्यात आहे हे तिच्या पाठीवरून कळतंच.