बीएसए बँटम डी१ : आठ महिने रोज चालवल्यावर

ऑक्टोबरात घेतलेली माझी १९५२ची बँटम, म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीची छोटी मोटारसायकल, आतापर्यंत अकराशे मैल फिरली. फिरणं इथे बर्मिंगहॅममध्येच, घर ते काम. वाटेत स्मॉल हीथ लागतं. बीएसएचा मोठा कारखाना तिथेच होता, म्हणजे रोज तिच्या माहेरावरूनच जाणं होतं.

मूळ मात्र जर्मन. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ मोटारसायकलचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाची भरपाई म्हणून ब्रिटिशांच्या हाती आला. बीएसएने तो आरशात पाहावा तसा उलटा केला, कारण इथे गिअर उजव्या पायाला लागायचा, आणि १९४८मध्ये बँटम आणली. त्याच आराखड्यावरून हार्ले-डेव्हिडसनने १२५ सीसीची गाडी काढली आणि यामाहाने १९५५मध्ये आपली पहिली मोटारसायकल, वायए-१. म्हणजे आपल्याकडची यामाहा आरएक्स १०० हिच्याच नात्यातली! हे कळलं तेव्हा मी खाली जाऊन गाडी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.

१२३ सीसी, साडेचार हॉर्सपॉवर, तीन गिअर. ताशी ३५ मैलांवर ती खुशीत पळते, त्यापुढे रेटू नये. चढावर दुसरा गिअर टाकावाच लागतो. ब्रेक आजच्या ट्रॅफिकला कमी पडतात, म्हणून पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवतो. माझ्या मॉडेलला बॅटरी नाही. दिवा थेट इंजिनावर चालतो, त्यामुळे सिग्नलला थांबलं की मिणमिणतो. अंधार पडल्यावर मी ती बाहेर काढत नाही.

इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते मिसळताना पहिल्या महिन्यात माझा गोंधळ झाला. अंदाजाने जास्त ओतलं आणि प्लग सारखा काळा व्हायला लागला. आता डब्यात २५ला १ असं मोजूनच मिसळतो, तेही इ५ (जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये, कारण जास्त इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. घरी पोचलो की पेट्रोलचा कॉक आठवणीने बंद करतो. मग सकाळी दुसऱ्या किकला ती सुरू होते, जानेवारीच्या गारठ्यातसुद्धा.

इथल्या पोस्टाची तार वाटणारी पोरं लाल बँटमवर ऊन-पाऊस न बघता फिरायची. ही गाडी त्या कष्टांसाठीच बनली आहे. कापडाखाली झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडी चालवली की जास्त चांगली राहते, हा माझा अनुभव.

घेणार असाल तर मागे प्लंजर सस्पेन्शन (मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार) असलेली बघा, ती १९५०पासून मिळते, कंबर वाचेल. आणि इंजिन चांगलं तापल्यावरही दाट धूर येत राहिला, तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील गेलेलं असू शकतं. तो खर्च धरूनच भाव करा.