फुकट ग्रिप गुंडाळून दिली, आणि आत काय होतं ते तीन आठवड्यांनी कळलं

मुलीसाठी बॅडमिंटनची रॅकेट घेताना माझी फसवणूक झाली. ६८०० रुपये गेले ते गेलेच पण पोरीचा हात दुखावला याचं जास्त वाईट वाटतंय. सुट्टीच्या बॅच सुरू झाल्या की बरेच पालक रॅकेट घ्यायला निघतात म्हणून सगळं लिहितोय, लांब झालं तरी प्लीज वाचा.

मुलगी बारा वर्षांची, दोन वर्षं झाली क्लासला जाते. सर म्हणाले की आता हिची ती साधी रॅकेट बदला, ४यू किंवा ५यू घ्या आणि ग्रिप जी५ बघा, जाड अजिबात नको. मी मोबाईलवर टाइप करून घेतलं आणि निघालो, अर्थ विचारायला हवा होता तो विचारला नाही. आता माहितीये म्हणून सांगतो, यू म्हणजे वजन, ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४.९, ५यू ७५ ते ७९.९, आकडा वाढला की रॅकेट हलकी. ग्रिप म्हणजे दांड्याची जाडी, तिचंही योनेक्स कंपनीच्या रॅकेटमध्ये तसंच, जी५ ही जी४ पेक्षा बारीक. पण ली-निंग कंपनीत उलटं आहे, तिथे एस१ बारीक आणि एस२ जाड, त्यामुळे नुसता आकडा पाठ करून दुकानात जाऊ नका, कंपनीप्रमाणे बघा.

दुकान पुण्यातच, एका स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. दुकानदार बोलायला एकदम गोड. "साहेब, योनेक्सची ॲस्ट्रॉक्स ८८डी घ्या, मोठे प्लेअर हीच वापरतात, ऑनलाइन बघा साडेचौदा हजार आहे, माझ्याकडे डायरेक्ट माल येतो म्हणून तुम्हाला सात." ग्रिप विचारली तर दांड्याच्या वर तो निमुळता भाग असतो ना, कोन म्हणतात त्याला, तिथे छापलेलं ४यू जी५ दाखवलं. मुलीने हातात घेतली आणि लगेच म्हणाली, "बाबा, जाड वाटतेय." तिथेच थांबायला पाहिजे होतं. तो म्हणाला नवीन आहे, आठवडाभर खेळली की बसेल, आणि थांब बेटा, काका तुला मस्त गुलाबी ग्रिप फ्री मारून देतात. रॅकेट घेऊन आत गेला, गटिंग केलं म्हणजे तार भरली, ग्रिप गुंडाळली आणि ती इतकी वरपर्यंत नेली की कोनवरचे आकडे पूर्ण झाकले गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बिल मागितलं तर म्हणे बिल केलं की जीएसटी वरून लागेल, कॅश द्या, दोनशे कमी करतो. मी कॅश दिली.

दोन आठवड्यांत तिचं मनगट दुखायला लागलं, मग कोपर. बॅकहँड मारायचं टाळायला लागली, शटल डावीकडे आलं की पूर्ण फिरून फोरहँडने घ्यायची. मला वाटलं कंटाळा करते, एकदा ओरडलो पण तिला, आणि ते आता फार लागतं मनाला.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी रॅकेट हातात घेतली आणि म्हणाले ही जी५ असूच शकत नाही. त्यांनी मला धरून दाखवली, मूठ वळल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालची गादी यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे, कारण बॅडमिंटनमध्ये रॅकेट सैल धरायची असते आणि शटल लागायच्या क्षणाला बोटं आवळायची असतात. दांडा जाड झाला की बोटांना आवळायला जागाच राहत नाही, बॅकहँडला अंगठा नीट टेकत नाही, मग सगळा जोर मनगट आणि कोपरावर येतो. शिवाय खरी ८८डी सुद्धा कडक शाफ्टची (शाफ्ट म्हणजे दांडा आणि डोकं जोडणारी बारीक नळी) आणि डोक्याकडे जड, डबल्समध्ये मागून स्मॅश मारणाऱ्यांसाठी केलेली, बारा वर्षांच्या पोरीला ती सुचवायचीच कशाला?

मग सरांनी गुलाबी ग्रिप उलगडली. त्याच्याखाली फोमची ग्रिप, ती काढली तर खाली खाकी कागदी टेपचे वेढेच वेढे, आणि टेप सोलल्यावर लाकूड दिसलं, तर कोनजवळ करड्या रंगाचं एमसील भरलेलं. दांडा धरून शाफ्ट फिरवली तर किंचित हलत होती. कोनवरचा जी५ मी नखाने घासला तर निम्मा निघून आला. हे चालू असताना बॅचमधला एक मुलगा म्हणाला माझी पण तिथलीच आहे, हीच. दोन्ही रॅकेट शेजारी धरल्या आणि शाफ्टवरचे नंबर वाचले, एकेक आकडा मोठ्याने, दोनदा. तोच नंबर. खरं तर प्रत्येक खऱ्या योनेक्स रॅकेटचा नंबर वेगळा असतो आणि तो कोरलेला असतो. घरी येऊन किचनच्या काट्यावर ठेवली, सगळ्या ग्रिप काढलेल्या असतानाही १०१ ग्रॅम! तारेचे काही ग्रॅम सोडले तरी ४यू इतकी भरत नाही.

त्या मुलाचे वडील आणि मी दोघं दुकानात गेलो. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, ही मी विकलीच नाही, बिल आहे का?" माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी यूपीआयने पैसे दिले होते, त्यांनी मोबाईलवर दुकानाचं नाव, तारीख आणि रक्कम दाखवली, वर १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तिथूनच फोन लावतो म्हणाले, तर दहा मिनिटांत त्यांचे पैसे परत आले. माझे नाही.

नवीन रॅकेट दुसरीकडून घेतली, ५यू, जी५, मऊ शाफ्टची, किंमत आधीच्यापेक्षा कमी आणि पक्कं बिल. दुकानदाराला आधीच सांगितलं की वरून काही गुंडाळू नका, मुलगी आहे तशी धरून बघेल, कोन आणि शाफ्टवरच्या नंबरचे फोटो काढीन आणि मगच पैसे. त्याने काही वाईट वाटून घेतलं नाही, उलट चार रॅकेट काढून तिच्या हातात दिल्या. सरांनी महिनाभर स्मॅश बंद ठेवायला सांगितलाय, कोपर अजून पूर्ण बरं नाही, पण कालपासून डावीकडचं शटल परत बॅकहँडने घ्यायला लागलीये.