उजनीच्या गाळासाठी शिशाची वजने: दोन साच्यांचा अनुभव

उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकणाऱ्याला वर्षाकाठी किती शिसे पाण्यात सोडून यावे लागते, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले; तेव्हा बुडालेली झाडे, विहिरींचे काठ आणि घरांची जोती तळाशी राहिली, आणि पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही उघडे पडते. अशा तळावर गळ खाली नेणारी विकतची वजने एकामागून एक अडकून तुटू लागली, तेव्हा ती घरीच ओतण्याचे ठरवले आणि गेल्या दीड वर्षात दोन साचे वापरून पाहिले. पहिला सहा खाचांचा ॲल्युमिनियमचा साचा टपालाने मागवला होता, तर दुसरा चार खाचांचा लोखंडी साचा सोलापुरातच, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रावर धातू कोरून देणाऱ्या एका मिलिंगवाल्याकडून करवून घेतला.

साचा शोधताना बंदुकीच्या गोळ्यांचे साचेच अधिक समोर येतात. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा असल्यामुळे ते आपल्या उपयोगाचे नाहीत. पण त्यांची एक सोय हेवा वाटावा अशी आहे. त्यांच्या माथ्यावर सरकणारी पोलादी पट्टी असते आणि ओतमुखात थिजलेले जादा शिसे ती एका ठोक्यात कापून टाकते. गळाच्या वजनांच्या साच्याला सहसा ती नसते, म्हणून प्रत्येक नग पकडीने तोडावा लागतो.

पहिल्या साच्याची खोट शिसे वितळवण्याआधीच कळली. खाच किती वजनाची आहे हे पाहण्यासाठी मी साचा बंद करून औषधाच्या सिरिंजने तिच्यात पाणी भरले. शिशाची घनता एका घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम असल्यामुळे ४० ग्रॅमच्या वजनाला साधारण साडेतीन मिलिलिटर पाणी लागायला हवे. येथे मात्र पाणी मावण्याआधीच दोन अर्ध्यांच्या जोडातून पाझरू लागले, आणि साचा उजेडासमोर धरला तेव्हा बिजागरीच्या बाजूला केसाएवढी फट स्पष्ट दिसली. शिसे एवढ्या फटीतून वाहून जात नाही, पण प्रत्येक वजनाच्या कडेला पातळ पापुद्रा धरते. पहिल्याच दिवशी ओतलेल्या साठ वजनांना कानस मारत बसण्यात माझी अख्खी दुपार गेली. शिवाय हवा बाहेर जाण्यासाठी जोडाच्या पृष्ठावर बारीक चरे असावे लागतात, ते नव्हते, त्यामुळे कोपरे अर्धवट भरत. ते मी सुईकानशीने स्वतः पाडले आणि ती तक्रार मिटली. फट मात्र मिटली नाही. विक्रेत्याने साचा बदलून देण्याचे मान्य केले, परंतु परत पाठवण्याचा खर्च माझ्या माथी मारला, म्हणून मी तो नाद सोडला.

दुसऱ्या साच्याच्या दोन्ही अर्ध्यांची पृष्ठे ग्राइंडरवर सपाट केलेली आहेत आणि त्यांना जुळवणाऱ्या दोन डॉवेल पिना इतक्या नेमक्या बसतात की सिरिंजचे पाणी खाचेत तसेच थांबले. (पाण्याची ही परीक्षा घेतल्यावर साचा दिवसभर उन्हात ठेवावा आणि वापरण्यापूर्वी पुन्हा तापवावा. ओलाव्याचा एक थेंब जरी आत राहिला, तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे तोंडावर उडते.) त्याला ॲल्युमिनियमच्या साच्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडले, पण कानस बाजूला पडली, आणि माझ्या मते साच्याची किंमत ती हीच.

लोखंडाचे तोटेही आहेत. तो तापायला वेळ घेतो आणि तोपर्यंत निघणारी पहिली चार-पाच वजने सुरकुतलेली असतात. ती पुन्हा कढईत टाकावीत. गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवून ठेवावा लागतो, आणि पुढच्या खेपेला ते तेल पूर्ण पुसले नाही तर सुरकुत्या पुन्हा हजर होतात. ॲल्युमिनियम लवकर तापते आणि गंजत नाही, त्यामुळे त्याचा जोड नीट असता तर मी तोच साचा ठेवला असता.

आकाराची निवड तळ पाहून करावी. वाळूच्या तळासाठी सुचवला जाणारा मनोऱ्यासारखा टोकदार आकार आपल्याकडच्या काळ्या गाळात रुतून बसतो आणि ओढताना गळासकट तुटतो. मी मिलिंगवाल्याला चपट्या, कडा गोल केलेल्या नाण्यासारखा आकार कागदावर काढून दिला होता. असे वजन गाळावर पसरून बसते आणि ओढले की वर सरकते.

शिशाविषयीही लिहिणे भाग आहे. चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजने भंगारात मिळतात आणि त्यांतल्या अँटिमनीमुळे धातू कडक होतो, पण हल्ली त्यांत जस्ताचीही मिसळ असते. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि जस्त ४१९ अंशांना, त्यामुळे आच मंद ठेवली तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. घाई करून आच वाढवली की जस्त मिसळते आणि पुढचे ओतकाम गुठळ्यांचे होते. बॅटरीच्या पट्ट्या मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी वापरू नयेत, कारण त्यांतील आम्ल आणि मिश्रधातूंमुळे विषारी वायू निघू शकतात. मी गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन ओततो. कढई आणि पळी स्वयंपाकघरात परत जात नाहीत, आणि मुलांना त्या दिवशी वर येऊ देत नाही.

ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांना होणाऱ्या विषबाधेमुळे १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. भिगवणला येणारे रोहित पक्षी याच जलाशयावर उतरतात, म्हणून मी १०-१५ ग्रॅमची बारीक वजने ओततच नाही. लोखंडी साच्याच्या चारही खाचा ४० ग्रॅमच्या ठेवल्या, त्या याचसाठी. त्याची लाकडी मूठ मात्र आखूड आहे आणि वीस-पंचवीस नग ओतून झाले की हाताला चटका बसू लागतो. मिलिंगवाल्याने ती बदलून देण्याचे कबूल केले आहे. तोवर मी मुठीला जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी गुंडाळून काम चालवत आहे.