तीन चित्रपुस्तकं, अकरा प्रूफ कॉप्या: एका प्रिंट-ऑन-डिमांड सर्व्हिसचा रिव्ह्यू

मी लहान मुलांसाठी लिहिते आणि चित्रंही मीच काढते. आत्तापर्यंतची तिन्ही पुस्तकं एकाच प्रिंट-ऑन-डिमांड सर्व्हिसवर छापलीत. सर्व्हिसचं नाव देत नाही कारण पुढे बरीच कुरकुर आहे, आणि तशाही या प्रकारच्या बहुतेक सर्व्हिसेस साधारण अशाच चालतात, म्हणजे आपण पीडीएफ चढवायची, कुणी ऑर्डर दिली की तेवढीच एक कॉपी छापून परस्पर त्याच्या घरी जाते, गोदाम नको की पलंगाखाली पुस्तकांचे गठ्ठे नकोत. आधीच सांगून टाकते, पुस्तक विकायला ही मला ठीकठाकच वाटली. पण चित्रपुस्तक करायचं कसं हे जेवढं हिच्या प्रूफ कॉप्यांनी, म्हणजे विक्रीआधी तपासायला मागवायच्या छापील कॉप्यांनी, शिकवलं तेवढं एकाही कोर्सने शिकवलं नाही. पहिल्या पुस्तकाला सहा प्रूफ लागली, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. प्रगतीपुस्तक म्हणून एवढं पुरे.

खातं उघडणं, फाइल चढवणं वगैरे सोपं आहे, त्यात वेळ घालवत नाही. पुस्तकाचा आकार आणि पानं टाकली की मुखपृष्ठाचा टेम्प्लेट मिळतो, कण्याची जाडी सुद्धा मोजून येते. मग एक ऑटोमॅटिक तपासणी होते आणि हिरवी टिक येते. या हिरव्या टिकेवर जीव टाकू नका! ती फक्त माप बघते, पुस्तक बघत नाही.

पहिल्यांदा तर टिकच आली नाही म्हणा. मी सगळी चित्रं 1500 पिक्सेलच्या चौकोनी कॅनव्हासवर काढली होती कारण स्क्रीनवर ती छान भरगच्च दिसत होती, आणि पुस्तक होतं 25 सेंटीमीटरचं. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे एका पानाला साधारण 2950 पिक्सेल, आणि आमचे ठिपके भरत होते इंचाला कसेबसे 150. वर ब्लीड नावाची गोष्ट मला माहीतच नव्हती. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर कडेबाहेर 3 मिलिमीटर जास्तीचं रंगवायचं असतं, कारण कापताना पातं थोडंफार सरकतंच, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. चोवीस चित्रं परत काढली. रडत काढली पण दुसऱ्यांदा बरी आली हेही खरं.

पहिलं प्रूफ आलं तेव्हा पाकीट उघडून मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. आपलं पुस्तक हातात! मग सहाव्या मिनिटाला रात्रीचा प्रसंग उघडला आणि तिथे काही नव्हतंच. स्क्रीनवर गडद निळ्या रानात अस्वलाचं पिल्लू बसलेलं मस्त दिसायचं, कागदावर एक जांभळट काळा चौकोन आणि त्यात दोन डोळे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद बिचारा खोलीतला उजेड परत देतो, एवढी साधी गोष्ट पण डोक्यात कधी आली नव्हती. शिवाय स्क्रीनचे रंग लाल-हिरवा-निळ्या प्रकाशातून होतात आणि छपाईचे चार शाईंतून, त्यामुळे झगझगीत केशरी, पोपटी आणि तो विजेसारखा निळा हे कागदावर मरगळतातच, त्यात सर्व्हिसचा दोष नाही. आता मी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून काम करते, मधूनमधून चित्र पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट करून बघते आणि पिल्लू करड्या रंगात सुद्धा झाडापासून वेगळं दिसलं तरच पुढे जाते. रंग सुंदर असून चालत नाही, उजेड-अंधाराचा फरक पाहिजे.

सर्व्हिसचा दोष वेगळा आहे. एकाच फाइलच्या दोन कॉप्या दोन महिन्यांच्या अंतराने मागवल्या तर एकीत पिल्लू चॉकलेटी आणि दुसरीत लालसर. ऑर्डर कुठल्या छापखान्यात, कुठल्या मशीनवर जाईल यावर आपला काही ताबा नाही. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की हा फरक मर्यादेत बसतो. कुणाच्या मर्यादेत, ते नाही कळवलं.

आता मुख्य किस्सा, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

चित्रपुस्तकं बहुतेक वेळा 32 पानांची का असतात हे मला वाचून माहीत होतं. ऑफसेट छपाईत (प्लेटा बनवून एकदम शेकडो-हजारो कॉप्या छापतात ती) मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की 16 पानांचा फर्मा होतो, तसे दोन फर्मे म्हणजे 32. प्रिंट-ऑन-डिमांडला हे बंधन नाही, कमीत कमी 24 पानं भरली आणि आकडा सम असला की बास. पण पुढेमागे एखाद्या प्रकाशकाने घेतलं तर गडबड नको म्हणून मी 32 च धरून चालले होते. सगळं तयार झालं, आणि शेवटच्या रात्री मला वाटलं अर्पणपत्रिका राहिली. मग काय, पान 3 वर एक छोटंसं पान घुसवलं, भाचीच्या नावाने, खाली एक फूल. 33 पानं झाली. सर्व्हिसने काही न बोलता शेवटी एक कोरं पान जोडून 34 केली आणि हिरवी टिक दिली. माप बरोबर, ब्लीड बरोबर, मी झोपले.

प्रूफ आलं ते भाचीलाच घेऊन बसले वाचायला. पान 1 नेहमी उजवीकडे येतं, त्यामुळे 2-3, 4-5, 6-7 अशा जोड्या समोरासमोर उघडतात. माझी दोन पानांवर पसरलेली सगळी चित्रं या जोड्यांवर बेतलेली होती. एक पान सरकल्यावर प्रत्येक चित्राचा डावा अर्धा भाग उजवीकडे गेला आणि उजवा अर्धा त्याच्या पाठीमागे. नदी अर्धी, पूल पान उलटल्यावर. हे वाईट होतंच, पण त्याहून वाईट पुढे होतं. गोष्टीत एका ठिकाणी पिल्लू विचारतं, "पांघरुणाखाली कोण हलतंय?" हा प्रश्न उजव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आणि पान उलटलं की उत्तर. सगळ्या गोष्टीचा जीव तिथे. आता प्रश्न गेला डाव्या पानावर आणि उत्तर त्याच्या शेजारी उजव्या पानावर, उघडंबोडकं. मी आवाज बारीक करून, डोळे मोठे करून विचारलं, कोण हलतंय बरं, आणि भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, हा काय, इथे दिसतोयच की."

मला हसू पण आलं आणि पोटात खड्डा पण पडला. कारण त्या क्षणी कळलं की मी दोन वर्षं पानं काढत होते, पान उलटणं कधी काढलंच नव्हतं. स्क्रीनवर पानं एकाखाली एक सरकत जातात, तिथे उलटणं ही गोष्टच नाही. आणि चित्रपुस्तकात सगळं त्या उलटण्यात आहे हो, मूल पानाचा कोपरा धरून थांबतं ते एक सेकंद लेखकाचं असतं, तिथे श्वास रोखायला लावायचा की हसवायचं की घाबरवायचं हे ठरवावं लागतं. लिहिणं आणि चित्र काढणं ही दोन कामं मला येत होती, हे तिसरं काम आहे याचा पत्ता नव्हता.

(चूक माझीच, सर्व्हिसच्या प्रिव्ह्यूमध्ये दोन पानं शेजारी दाखवायचं बटण आहे, मी ते दाबलं नव्हतं. पण इतक्या महत्त्वाच्या बटणाला एवढ्या कोपऱ्यात कोण बसवतं?)

तेव्हापासून नियम केलाय, एकही चित्र रंगवण्याआधी डमी. कोरे 8 कागद मधोमध दुमडायचे, मध्ये पिना मारायच्या, 32 पानांची वही तयार. तीत काड्यांची माणसं काढून, मजकूर कापून चिकटवून, मोठ्याने वाचून बघायची. मुखपृष्ठामागची शीर्षकाची, कॉपीराइटची, अर्पणपत्रिकेची पानं आधीच वजा करायची, मग गोष्टीला बारा-चौदा जोड्याच उरतात. ऐकायला खूप कमी वाटतं पण त्याच्यामुळेच गोष्ट आवळली जाते. तिसऱ्या पुस्तकाच्या सात डम्या झाल्या, म्हणून तर प्रूफ दोनच लागली.

शब्दांचंही तसंच. पहिल्या पुस्तकाचा मजकूर 1100 शब्द होता. "पिल्लूने निळी छत्री उघडली" असं लिहिलेलं, आणि वर चित्रात पिल्लू निळी छत्री उघडतंय. दोनदा सांगून काय मिळवलं मी? मोठ्याने वाचताना भाची चित्रावरचं किडं-मुंगी शोधत असायची आणि मी आपली छत्रीवरच. शेवटी चित्रात जे दिसतं ते मजकुरातून खोडत गेले, 420 शब्द उरले, आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी मजकूर एक बोलतो आणि चित्र दुसरंच दाखवतं, पिल्लू म्हणतं "मी मुळीच घाबरलो नाही" आणि चित्रात फक्त छत्रीबाहेर शेपटी, तिथे मुलं सगळ्यात जास्त हसतात. लेखिका आणि चित्रकार एकच असण्याचा हा फायदा आहे, स्वतःचीच वाक्यं कापायला कुणाची परवानगी लागत नाही. तोटा असा की कापा म्हणून सांगणारंही कुणी नसतं.

बाइंडिंगबद्दल. या सर्व्हिसमध्ये पेपरबॅकला डिंकाची बांधणी आहे, त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही आणि मधला भाग गिळला जातो. माझ्या एका प्रसंगात पिल्लू आणि त्याची आजी बरोब्बर मध्यावर नाकाला नाक लावतात. छापून आल्यावर दोघांना नाकंच नाहीत. आता मधल्या पट्ट्यात फक्त आकाश, गवत, पाणी असलं काहीतरी ठेवते, चेहरे आणि अक्षरं तिथून लांब. पानं कमी असल्यामुळे कण्यावर नाव छापू देत नाहीत, तेव्हा कपाटात उभं ठेवलं की पुस्तक गायब. कागद पातळ आहे, गडद चित्र मागच्या पानावर सावलीसारखं जाणवतं. पुठ्ठा बांधणीतला कागद जरा बरा.

मजकूर मी आधी हाताने, चॉकलेटी रंगात, चित्राच्याच लेयरवर, म्हणजे ड्रॉइंग फाइलमधल्या त्याच थरावर, लिहिला होता. छापल्यावर अक्षरांच्या कडा केसाळ, कारण तो चॉकलेटी रंग चार शाईंच्या ठिपक्यांतून होतो आणि ते ठिपके केसभर जरी सरकले तरी बारीक अक्षर फाटतं. नुसत्या काळ्या शाईत मजकूर खणखणीत येतो. एका छपाईवाल्या काकांनी अजून एक सांगितलं, अनेक भाषांत पुस्तक एकत्र ऑफसेटवर छापतात तेव्हा दर शाईच्या वेगळ्या प्लेटेपैकी रंगांच्या प्लेटा त्याच ठेवून फक्त काळी प्लेट बदलतात, म्हणून मजकूर काळा आणि वेगळ्या लेयरवर असला तर भाषांतर स्वस्तात होतं. मी हे ऐकलं तेव्हा दुसऱ्या पुस्तकाची अर्धी अक्षरं चित्रात गुंतलेली होती, दोन रात्री सोडवत बसले.

अजून एक चूक, जी मला तीन प्रूफ होईपर्यंत दिसली नाही. पिल्लूचा डावा कान फाटका आहे. दोन चित्रांत तो उजवा आहे. ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा करून तपासायची सवय आणि एकदा परत सुलटा करायला विसरले. आता पात्राचा एक तक्ता करून भिंतीवर लावते, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, रडताना, पळताना.

पैशाचं थोडक्यात. इथे पहिल्या कॉपीला जो खर्च तोच पाचशेव्या कॉपीला, ऑफसेटसारखा प्लेटांचा खर्च जास्त कॉप्यांवर वाटला जात नाही. रंगीत पुस्तक असल्यामुळे छपाई आणि सर्व्हिसचा वाटा कापून हातात येतं ते सांगण्यासारखं नाही. फुकट आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) देतात पण त्यावर प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागतं, आणि तोच नंबर घेऊन दुसरीकडे छापता येत नाही. पेपरबॅक आणि पुठ्ठा बांधणीला वेगवेगळे नंबर लागतात हेही आधी माहीत असू द्या. स्वतः छापतोय म्हणून कमीपणा मात्र वाटून घेऊ नका, बीट्रिक्स पॉटरने प्रकाशकांचे नकार आल्यावर 1901 मध्ये आपल्या सशाच्या पुस्तकाच्या 250 कॉप्या स्वखर्चाने छापून घेतल्या होत्या, 1902 मध्ये प्रकाशकाने रंगीत आवृत्ती काढली. तिला अकरा प्रूफ लागली नसतील, तो भाग वेगळा.

स्टार द्यायचेच तर विक्रीला 5 पैकी अडीच, सपोर्टला दीड, प्रूफ कॉपीला पूर्ण पाच. एकदम पाचशे-हजार विकायची खात्री असेल तर इथे येऊ नका, ऑफसेट बघा. पहिलंच पुस्तक असेल आणि कुणी बघितलेलं नसेल तर एक कॉपी नक्की मागवा, आणि घाईत असाल तरी मागवा, म्हणजे घाईतच असाल तर मागवाच.

प्रूफ कॉपीच्या मुखपृष्ठावर "विक्रीसाठी नाही" असा एक करडा पट्टा छापून येतो. मला तो दिसायला भिकार वाटतो. भाचीला मात्र कळलंय की पट्टा असला म्हणजे आत मावशीच्या चुका आहेत, ती पेन्सिल घेऊन बसते आणि सापडली की गोल करते. परवा तिला तिसऱ्या पुस्तकाची फायनल कॉपी दिली, बिनपट्ट्याची, कौतुकाने. तिने पुढून मागून बघितलं आणि म्हणाली, "यात मग शोधायचं काय?"